सातव्या खांबाचा आवाज

"ठणठणीत!" मिस्त्रींनी पुलाच्या सातव्या खांबावर हातोडी मारली आणि खडूनं गोल काढला. गोल म्हणजे वीट घट्ट, फुली म्हणजे आत पोकळ.

ते डबा विसरले म्हणून बायको तो घेऊन नदीकाठी आली होती. ती थबकली.

"अहो, परत मारा बघू."

त्यांनी मारली.

"पोकळ वाजतोय हो. मघाचा सहावा कसा खणखणीत होता! हा म्हणजे रिकामं पिंप."

"तुला गं काय कळतंय? एकतीस वर्षं ठोकतोय मी हे खांब!"

खरंच ठोकत होते. राणीच्या काळातला विटांचा रेल्वेपूल, अकरा खांब, एकेकाचा आवाज तोंडपाठ. तिथंच तर घोटाळा झाला. ह्यांना कमी ऐकू येतं हे तिनं दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. पण माणूस मानी. दुखवायचं कशाला, म्हणून ती मोठ्यानं बोलू लागली, आणि ह्यांना वाटलं, वयानं हिचा आवाज वाढला! हातोडी मारून मिस्त्री आठवणीतला आवाज ऐकत होते.

"खरं सांगतेस?"

तिनं मान डोलावली. तिचे डोळे भरले होते. तेव्हा कुठं त्यांना सगळंच कळलं.

"साहेबांना सांगितलं तर गाड्या थांबतील," ते खाली बसले. "आणि मला विचारतील, तुम्हाला कसं ऐकू आलं नाही? रिटायर व्हायला पाच महिने राहिलेत गं. असं तोंड काळं करून जायचं?"

एवढ्यात वरून गाडी गेली. डब्याचं झाकण थरथरलं. खिडकीतून कुणीतरी उगीचच हात हलवला.

"जाऊ दे," मिस्त्री उठले. बाहीनं गोल पुसला आणि खडू तिच्या हातात दिला. "तू ऐकलंस, तूच काढ."

तिनं फुली काढली.

साहेबांनी भोक पाडून पाहिलं. आतला चुना पाण्यानं पार धुऊन नेला होता. त्याच दुपारी गाड्या बंद झाल्या, आणि कुणी विचारायच्या आतच मिस्त्रींनी स्वतःच्या कानांचं सांगून हातोडी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी ते घरी खिडकीच्या चौकटीवर तळहात ठेवून बसले. रोज गाडी गेली की चौकट थरथरायची. बायको शेजारी येऊन मोठ्यानं म्हणाली,

"साडेसहाची आली नाही हो."

"हो ना," ते म्हणाले. "बरं झालं." हात मात्र त्यांनी तिथंच ठेवला. तिनं त्यावर आपला ठेवला.