वरच्या वळणावरचं हॉटेल

डोंगरावर नवी जोडपी यायला लागली ती थोरलीच्या हॉटेलामुळे. बांधलं नवऱ्यानं, पण नावारूपाला आणलं तिनं. खोलीत ताजी फुलं, पांढऱ्याशुभ्र चादरी. आणि नवी नवरी लाजून जेवायला खाली उतरली नाही, तर ताट गुपचूप वर पोचायचं. लग्नसराईनंतर तिथं पाय ठेवायला जागा नसे.

मग धाकट्या दिरानं वेगळं होऊन वरच्या वळणावर आपलं हॉटेल काढलं. प्रत्येक खोलीला दरीकडची गॅलरी. जोडपी थोरलीच्या दारावरून हसतखिदळत वर जाऊ लागली आणि तिच्या पोटात दुखू लागलं. धाकट्या जावेला कामाचा काडीचा अनुभव नव्हता. नुसती गोड बोलायची, आणि लोक तिच्यावर खूश. शेवटी थोरलीनं टॅक्सीवाल्यांना हाताशी धरलं. वर भिंतींना ओल आहे, गाद्यांत ढेकूण आहेत, असं ते पाहुण्यांच्या कानात सोडू लागले. हळूहळू वरच्या गॅलऱ्या ओस पडल्या. थोरलीला शांत झोप लागू लागली.

पुढे विमानाची तिकिटं स्वस्त झाली आणि नवी जोडपी समुद्राकाठी उडून जाऊ लागली. बाजारातली दुकानं मिटली, टॅक्सीवाले पोटापाण्यासाठी शहरात उतरले. थोरलीचा नवरा गेला, छताचे पत्रे गंजले. तरी वरचीही बुडालीच की, एवढ्यावर ती समाधान मानत होती.

आणि एका संध्याकाळी वरच्या गॅलऱ्यांत दिवे दिसले. धाकटीनं आजारातून उठलेल्यांसाठी विश्रामगृह काढलं होतं. थोरलीचा नुसता जळफळाट झाला.

थोड्याच दिवसांनी धाकटी स्वतः खाली आली. "ताई, खोल्यांचं तुम्ही बघा. मला नाही जमत."

"माझी कीव करायला आलीस?"

"कीव कसली? टॅक्सीवाल्यांकडून तुम्ही काय वदवत होता, ते मला तेव्हाच कळलं होतं. फार राग आला होता. अजूनही येतो. पण तुमच्यासारखी खोली कुणाला लावता येत नाही."

थोरलीची मान खाली गेली. पण शरमेपेक्षा हेवाच जास्त वाटला. इतकं सरळ बोलणं तिला जन्मात जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. चादरी पाहून नाक मुरडलं आणि सगळ्या पुन्हा धुवायला टाकल्या. एका म्हाताऱ्याची खोली तर अशी लावली, की त्यानं कौतुकानं विचारलंच, हे कुणी केलं?

"आमच्या ताईंनी," धाकटी म्हणाली.

दाराआड उभ्या थोरलीला बरं वाटलं. पण मेलीनं तेसुद्धा किती गोड आवाजात सांगितलं, हे काही तिला सोसवेना.