ए बाजूला हरणाबाई

मी कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, दोन बाजूंची. माझ्यावर ‘आस्ते’ नावाचा अल्बम आहे. तो कराडला, १९९७ साली, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या एका खोलीत तयार झाला.

तो केला सुमंतने. त्याच्याकडे कीबोर्ड होता आणि मित्राचा कॉम्प्युटर. त्याचं संगीत नाचायचं नव्हतं, पडून ऐकायचं होतं. दोन ठोक्यांमध्ये माणूस श्वास घेऊन सोडेल, इतकं सावकाश. त्यात गायला त्याने दोघींना बोलावलं. सांगलीची सई शास्त्रीय शिकलेली. हरणाबाई मेसमध्ये भाकऱ्या करायच्या. भाकरी थापताना त्या ओव्या गुणगुणायच्या, ते सुमंतच्या कानावर पडलं होतं.

खिडकीला गादी लावून रेकॉर्डिंग झालं.

“लय हळू वाजतंय रं हे,” हरणाबाई म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही तुमच्या चालीनं म्हणा. वाजवणं मी मागून जुळवतो.”

पुढ्यात पीठ नाही, परात नाही. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी डोळे मिटून त्या गायल्या. ते माझ्या ए बाजूला आहे. बी बाजूला एकटी सई.

सुमंतने मला हरणाबाईंना दिलं. घरी त्यांचे यजमान नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, “भाकरी कराया जातीस का गानं म्हनाया?” हरणाबाईंनी मला ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवलं. मी तिथे दीड वर्ष होते.

मग त्यांचा घसा धरला, तो सुटेना; आत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

दवाखान्याचे कागद शोधताना नाथाजींना मी सापडले. त्यांनी शेजारचा टेप आणून मला लावलं.

“ह्यो आवाज तुजा व्हय?”

हरणाबाईंनी होय म्हणून मान डोलावली.

“मी कवा ऐकलाच न्हाई.”

त्या दिवसापासून ते रोज सकाळी ए बाजू लावू लागले. आल्यागेल्यालाही ऐकवत. हरणाबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायच्या. चेहऱ्यावर काहीच नसायचं. दर वेळी माझी फीत थोडी झिजायची, त्यांचा आवाज थोडा पुसट व्हायचा. मला दुःख झालं असं म्हणणार नाही. तसलं काही मला होत नाही.

नाथाजी रानात गेले की हरणाबाई मला उलटं करायच्या आणि सईचं गाणं बारीक आवाजात लावायच्या. ते यायच्या आत पुन्हा सुलटं.

एका दुपारी विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज न्यायला नाथाजी अवचित आले. दारातच थांबले. हरणाबाईंनी टेप बंद केला नाही.

“तुला तुजी बाजू नगं व्हय?”

हरणाबाईंनी नको म्हणून मान हलवली.

नाथाजींनी चपला काढल्या आणि शेजारी बसले. मग माझं कव्हर हातात घेऊन अक्षरं लावत म्हणाले, “सई. सांगलीची. हीच का?”

हरणाबाईंनी मान डोलावली. गाणं संपेपर्यंत दोघं तिथेच होते.

आता १९९९ सरत आलंय. सुमंत पुण्याला असतो म्हणे. या घरात फक्त बी बाजू वाजते. ए बाजूवर हरणाबाईंचा आवाज उरला आहे तेवढा आहे.

उद्या कुणी आलं आणि तो ऐकायचा म्हणालं, तर माझं एवढंच मागणं आहे. आधी त्यांना विचारा. त्या मानेनंच सांगतील. नीट बघा.