दोघांचं डावं

कनेक्टरच्या आत चांदीचा मुलामा दिलेली एक पट्टी असते. करंगळीच्या नखाएवढी, टोकाला किंचित वाकलेली. दोन कनेक्टर एकमेकांत सरकवले की एका पट्टीचा बाक दुसरीच्या बाकावर चढतो, क्षणभर अडतो आणि पलीकडे उतरतो. तेव्हा ‘टक्’ असा आवाज होतो. गेले काही महिने माझ्या घरातून हा आवाज इतक्या वेळा येत होता, की शेजारणीने एकदा विचारलं, तुमच्याकडे पाल शिरलीय का.

पाल नव्हती, चष्मेवाल्यांची गाडी होती.

चष्मेवाले म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला चष्म्याचं दुकान असलेले गृहस्थ. डोळे तपासतात, भिंगं स्वतः घासून फ्रेमीत बसवतात. जिथे चष्म्याचं दुकानच नाही अशा ठिकाणी आपणच जावं, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. छपरावर सोलर पॅनल, बाकाखाली बॅटरी, भिंग घासायची चकती, नजर तपासायची अक्षरांची पेटी आणि एक पंखा. शिवाय एक घडीचं पॅनल, म्हणजे गाडी सावलीत उभी करून ते उन्हात मांडता येईल. त्याची वायर रोज जोडायची, रोज काढायची. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घ्यायची, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते विचारायला आले, कनेक्टर कोणते घ्यावेत.

हा प्रश्न एका दुपारीत सुटण्यासारखा होता.

मध्यंतरी त्यांनी मला लग्नाचंही विचारलं. गाडीच्या छपरावर पालथे पडून, दातांत स्क्रू धरून. “बाई, या गाडीत दोन खुर्च्या आहेत. दुसरी तुम्ही घ्यावी असं मला वाटतं. म्हणजे गाडीतली, आणि घरातलीही.”

दातांत स्क्रू असूनही शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. मी खालून म्हटलं, “आधी कनेक्टरचं ठरू दे.”

उत्तर मला त्या वेळी फार समंजस वाटलं. मग मी कनेक्टरचं ठरूच दिलं नाही.

मोटारीत सिगारेट पेटवायच्या भोकात बसतात ते प्लग खड्ड्यांत सुटतात आणि तापतात, ते बाद. पॅनलला मुळात असतात ते गोल, घट्ट अडकणारे. त्यांत पाणी शिरत नाही, पण एका टोकाला पिन आणि दुसऱ्याला भोक, म्हणजे सुटे भागही दोन जातींचे बाळगा. त्यातून भर उन्हात वीज वाहत असताना ते उघडले तर ठिणगी. राहिले ते चपटे, लाल-काळ्या जोडीचे. त्यांच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या. कोणताही कोणातही बसतो. हेच योग्य, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मी ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले. दाराच्या कडीला लटकवून त्यांना पाण्याची बादली टांगली. कपडे धुवायच्या मशीनवर चिकटपट्टीने बांधून हादरे दिले.

“मावशी, आता त्याला शाळेत घाल,” माझी भाची म्हणाली. ती माझ्याकडेच राहते आणि गाड्यांची वायरिंगची कामं करते. गॅरेजमध्ये तिला सगळे करंट म्हणतात. “चाचण्या झाल्या असतील तर सांग. काका परवा निघतायत.”

“ठाऊक आहे मला.”

“मग उत्तर काय पोस्टाने पाठवणार आहेस?”

मी बादली कडीवरून काढली. खरं सांगायचं तर माझ्या घरात प्रत्येक चमच्याची जागा ठरलेली होती आणि मला ते आवडायचं. दुसरं माणूस आलं की चमचे कुठे जातील, याची चाचणी कशी घेतात हे मला माहीत नव्हतं. आणि ते परवा निघाले, की विचारायला पुन्हा कोणी छपरावर चढणार नव्हतं.

तशी त्या चपट्या कनेक्टरांची तयारी आम्ही करून ठेवली होतीच, ‘तात्पुरती’ म्हणून. कितीतरी संध्याकाळी मी आणि चष्मेवाले दुकानातल्या टेबलाशी समोरासमोर बसायचो. ते वायर सोलायचे, मी चिमट्याने पट्टी दाबायची, मग दोघंही लाल आणि काळा तुकडा शेजारी शेजारी जोडून कनेक्टर पुरे करायचो. पॅनल, बॅटरी, पंखा, अक्षरांची पेटी, सगळीकडे आमचेच. एकही कुठे अडला नाही. फक्त भिंगाच्या चकतीची वायर जुनी झाली होती. त्या दिवशी सकाळी करंटने ती बदलली आणि टोकाला स्वतः जोडलेला कनेक्टर लावला.

“घाला काका,” आम्ही तिघं गाडीत जमल्यावर ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी चकतीचा कनेक्टर बॅटरीच्या कनेक्टरात सरकवला. टक्. मग ते चकतीसमोर भिंग धरून बसले आणि बटण दाबलं.

चकती खाली पाण्याच्या तबकात बुडलेली असते आणि पाणी पलीकडे, झाकणाखाली फेकते. त्या दिवशी ती उलटी फिरली. तबकातलं अर्धं पाणी, मागच्या आठवड्याच्या काचेच्या गाळासकट, चष्मेवाल्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी शांतपणे बटण बंद केलं. चष्म्यावरून राखाडी ओघळ खाली येत होते.

“बाई,” ते म्हणाले, “माझा नंबर वाढलाय, का हे पाणी आहे?”

मी टॉवेल शोधायच्या ऐवजी म्हणाले, “मोटर उलटी फिरली. म्हणजे धन-ऋण बदललंय कुठेतरी.”

“टॉवेल दे गं आधी त्यांना,” करंट म्हणाली आणि बॅटरीपाशी उकिडवी बसली. “हे बघ. माझा लाल तुमच्या काळ्याला भिडलाय.”

“म्हणजे तुझा चुकलाय,” मी म्हटलं.

“असं?” तिने खिशातून कनेक्टरचं रिकामं पाकीट काढलं आणि त्यावरची सूचना वाचली. “तोंड आपल्याकडे, खाच वर, लाल डावीकडे. हा माझा. बरोबर?”

बरोबर होता.

तिने पंख्याचा काढला, अक्षरांच्या पेटीचा काढला, पॅनलचा काढला. सगळे बाकावर ओळीने मांडले. तोंड आपल्याकडे, खाच वर. लाल एकजात उजवीकडे.

“यातले मावशीचे कोणते आणि काकांचे कोणते?”

“हे बाईंचे, जास्त नीटस आहेत ते,” चष्मेवाले म्हणाले.

“तेही उलटे, हेही उलटे. एकानेच चूक केली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुम्ही दोघं एकसारखे चुकलात, म्हणून सगळं बिनबोभाट चाललं.”

“मी अशी चूक करत नाही,” मी म्हटलं.

“मीही नाही,” चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या कानातून पाणी येत होतं.

करंटने आमच्या दोघांच्या हातात एकेक लाल आणि एकेक काळा तुकडा ठेवला आणि परीक्षा घेतल्यासारखं वाचलं, “तोंड आपल्याकडे. खाच वर. लाल डावीकडे. जोडा.”

आम्ही जोडले. एकाच वेळी, अगदी खात्रीने, लाल उजवीकडे.

करंट खाली फतकल मारून बसली. तिला हसताना श्वास घेता येईना.

मी माझ्या हाताकडे बघत राहिले. मग कळलं. वर्गात मी टेबलामागे उभी असायची आणि मुलं समोर. ‘डावीकडचा स्क्रू’ म्हणताना मी माझा उजवा हात दाखवायची, म्हणजे त्यांना तो डावा दिसेल. इतकी वर्षं तेच केल्यावर कामाला बसलं, की डावं म्हणताच माझा उजवा हात हलतो.

मी हे सांगितलं तेव्हा चष्मेवाले टॉवेल तोंडावर तसाच धरून थांबले. “माझ्यासमोर गिऱ्हाईक बसतं,” ते टॉवेलातून म्हणाले. “उजवा डोळा झाकायचा म्हटलं, की माझा डावा हात पुढे जातो. कनेक्टर हातात घेतला तरी…”

“सगळ्या गावात अशी दोनच माणसं,” करंट म्हणाली, “आणि ती नेमकी एकमेकांना सापडली.”

ती उठायला गेली आणि तिचा कोपर बटणावर पडला. चकती अजून उलटीच होती. या वेळी पाणी आम्हा तिघांना सारखं वाटून मिळालं. मी हसायला लागले. मला हसण्याची सवय कमी आहे, म्हणून ते उचकीसारखं सुरू झालं आणि मग थांबेचना. चष्मेवाले गाडीचं दार धरून हसत होते. पंख्यावरून, बाकावरून, अक्षरांच्या पेटीवरून पाणी ठिबकत होतं आणि आमच्यातलं कुणीही ते पुसत नव्हतं.

शेवटी करंटने डोळे पुसले. “सोपं आहे. मी माझा एक उलटा लावते. लगेच होईल, आणि गाडी परवा निघेल.”

“नाही,” मी म्हटलं. “वाटेत दुसऱ्या कुणाची वायर जोडायची वेळ आली तर? पाकिटावर आहे तसंच हवं. आपले सगळे सुटे करायचे.”

“सगळे करायचे तर परवा निघणं होत नाही,” चष्मेवाले म्हणाले. त्यांनी चष्मा काढून कोरडा भाग शोधत सदऱ्याला पुसला. वर न बघता म्हणाले, “म्हणजे कनेक्टरचं अजून ठरायचंच आहे म्हणा.”

करंट एकदम चकतीच्या वायरीत फार गुंतली.

मी बाकावरचे कनेक्टर पाहिले. त्यांचे आणि माझे. नीटसपणा सोडला तर काही फरक सांगता येत नव्हता. मी त्यातले दोन उचलून एकमेकांत सरकवले. टक्.

“ठरलं,” मी म्हणाले. “कनेक्टर हेच. निघायचंही परवाच. सुटे करून पुन्हा जोडायचं काम वाटेत करू. पण समोरासमोर बसून नको, शेजारी शेजारी बसू. दुसरी खुर्ची माझी. गाडीतली, आणि घरातलीही.”