खारीची शिडी

सेलचा दिवस म्हणजे आमच्या बुटांच्या दुकानात नुसता धुमाकूळ! मी गल्ल्यावर बसते, त्यामुळे मला सगळं दिसतं, आणि दिसलेलं बोलल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी तर मालक स्वतः येऊन बसले होते. सुट्टीपुरत्या घेतलेल्या मुलांपैकी एकाला ते कॉलेज सांभाळून कायमचं ठेवणार होते.

माझं मत खारीला. सोळा वर्षांची पोर. शिडी मागच्या खोलीत. ती आणायला कोण जातंय, म्हणत भिंतीच्या फळ्यांवर पाय देत सरसर वर चढायची आणि खोकं घेऊन खाली. म्हणून तर नाव खार. 'माझी फी मीच भरणार,' असं तिनं घरी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. मी ओरडायचे, "हातपाय मोडून घेशील गं!" ती म्हणायची, "काकू, तुम्ही बिल करा."

दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खार दोनदा चढली-उतरली, मालकांची मान डोलली, मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात खडखड आवाज आला. बघते तर एक चार वर्षांचं पोरगं मधल्या मांडणीच्या तिसऱ्या फळीवर! आणि मांडणी चालली पुढे कलंडत.

"खार!" मी किंचाळले.

ती आधीच धावली होती. तिनं खांदा लावून मांडणी अडवली, एका हातानं पोराला खाली ओढलं. खोकी धडाधड तिच्या पाठीवर. दोन गिऱ्हाइकांनी मांडणी सरळ केली. पोराला साधं खरचटलंही नाही. त्याची आई रडायला लागली, हा मात्र खूश.

"ताई, मीपण तुझ्यासारखा चढलो!"

खारीचा चेहरा पांढराफटक पडला.

जरा सावरासावर झाली, तोच एका बाईंनी भिंतीवरचे अगदी वरचे बूट मागितले. मालक म्हणाले, "चल, पटकन."

खारीनं फळीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि ती सरळ मागच्या खोलीत गेली. माझा जीव टांगणीला! मालक घड्याळ बघतायत आणि ही बया गर्दीतून शिडी ओढत आणतेय. "सरका हो, सरका!"

शिडी लावून ती म्हणाली, "कुणीतरी धरा."

मी गल्ला बंद केला. रांग गेली खड्ड्यात! धावत जाऊन एक बाजू धरली.

"आजोबा, तुम्ही तिकडून धरा ना!" पोरानं मालकांना फर्मावलं. सगळं दुकान हसलं. मालक उठले आणि त्यांनी खरंच धरली.

खार एकेक पायरी वर गेली. मला काही दम निघेना. "काय मग मालक, पोर पक्की का?"

"थांबा हो बाई," ते म्हणाले. नजर वर, दोन्ही हात शिडीला घट्ट. "आधी तिला नीट खाली उतरू द्या."

खार उतरली. शिडी हातातून न सोडताच मालकांनी तिला विचारलं, "कॉलेज किती वाजता सुटतं गं?"