तिसरं बटण

बापाची तेरवी आटोपून कृष्णा हिंदी मुलखातल्या सिलतऱ्याच्या कारखान्यात ठेक्यावरच्या कामावर परतला, तेव्हा फाटकावरच्या कॅमेऱ्याने त्याला आत घेतलं नाही. रीतीप्रमाणे त्याने डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवलं होतं. जागरणांनी गाल बसले होते. पडद्यावर लाल पट्टी आली: दुसऱ्याच्या नावावर शिरण्याचा प्रयत्न.

गार्डने त्याला टाइम ऑफिसात नरहरीपुढे उभं केलं. "भैया, ये बोल रहा है कृष्णा है. देख लो."

नरहरी तिथला हजेरी कारकून, निवृत्तीला टेकलेला. डब्याच्या पिशवीत एखादं पुस्तक बाळगणारा, आवाज चढवणं कधी न जमलेला माणूस. त्याचं आणि कृष्णाचं, दोघांचंही मूळ वर्ध्याकडचं. कितीतरी वर्षं दोघांनी डबा एकत्र खाल्ला होता. तेरवीला कृष्णाच्या घरी, बीरगांवला, जायचं नरहरीने ठरवलंही होतं, पण चार लोकांत काय बोलावं या संकोचात ते राहून गेलं.

यंत्राने नाकारलेल्या माणसाला एका माणसाने पाहिलंच पाहिजे, असा नवा नियम होता. तो माणूस म्हणजे नरहरी. त्याच्यापुढे तीन बटणं होती: तोच आहे, तो नाही, फेरतपासणी. पहिलं दाबणाऱ्यावर पुढची सारी जबाबदारी, हे प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं.

"काका, मीच होय," कृष्णा जरासा हसून म्हणाला. "मिशी गेली त माणूस बदलते का?"

आवाज त्याचाच होता. नरहरीने पडद्यावरचा जुना फोटो पाहिला: भरघोस मिशी, कुरळे केस. पुन्हा समोर पाहिलं. लाखो चेहऱ्यांवर शिकलेलं यंत्र नाही म्हणतंय, आणि आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. आपलंच चुकत असेल तर? हा कृष्णाचा भाऊ तर नसेल? कृष्णाला भाऊ नाही, हे ठाऊक असूनही त्याच्या मनात ते आलं.

त्याने तिसरं बटण दाबलं. वर साहेब लोक पाहतील, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, असं त्याने कृष्णाला समजावलं.

वर कोणी नव्हतं. फेरतपासणी म्हणजे तोच चेहरा पुन्हा त्याच यंत्रापुढे. दुपारी पास रद्द झाला, आणि सगळ्या ठेकेदारांच्या कामगारांची नोंद एकच असल्याने आसपासच्या कारखान्यांची फाटकंही कृष्णाला बंद झाली.

नरहरी कधी नव्हे तो आपणहून मुख्य ऑफिसात गेला. तिथली कामगारांच्या नोंदी पाहणारी मंजिरी पुण्याकडून आलेली, वयाने त्याच्या मुलीएवढी. तिने सगळं ऐकून घेतलं. नोंदीत आता यंत्राचा नकार होता, आणि त्याखाली, तिसरं बटण दाबल्यामुळे, माणसालाही ओळख पटली नाही, असा शेरा. ते बदलणं तिच्या हातात नव्हतं.

"काका, तुमच्याकडे तर बटण होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही हो का नाही म्हणालात?"

रविवारी कृष्णा शहरात, बूढापाऱ्यातल्या नरहरीच्या घरी आला. मेहुण्याच्या ओळखीने नागपूरकडे वीटभट्टीवर काम मिळत होतं. बायको आणि पोट्टी तूर्त बीरगांवलाच राहणार होत्या. नरहरीने स्वतः चहा केला. साखर जास्त पडली.

"मशीनचं मले काही नाही वाटत, काका," कृष्णा म्हणाला. "ते कुठं मले ओळखते? पण तुम्ही माह्याकडं पाहून राहिले होते."

"मले खातरी होती, कृष्णा."

"मंग काहून?"

नरहरी साखरेचा डबा बंद करायला उठला. कृष्णाने नेहमीसारखा वाकून नमस्कार केला आणि चपला घातल्या.

सत्यभामा बाजारातून परतली. पिशवी ठेवता ठेवता तिने नवऱ्याला विचारलं, "कोण आलं होतं?"

"कृष्णा," नरहरी म्हणाला, आणि कप उचलायला वाकला तो बराच वेळ तसाच राहिला.