चौपन्न नंबर बाहेर जातो

"पुढारी म्हणजे आवाज. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला ज्याचा आवाज जागेवरून उठवतो, तो पुढारी. बाकी सगळे श्रोते."

सिंगापूरच्या आंग मो किओ वस्तीत, नवव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी उभं राहून यादवराव मेश्रामांनी हे जाहीर केलं, तेव्हा स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. शेवटची रांग म्हणजे त्यांची मुलगी हिरा. अंतर आठ फूट. तिने मिक्सर बंद करून विचारलं, "बाबा, काही म्हणालात का? मीठ देऊ?"

यादवरावांनी मीठ घेतलं. वाक्य पुन्हा म्हटलं नाही. नागपूरच्या एका सूतगिरणीत ते एकवीस वर्षं कामगार संघटनेचे सरचिटणीस होते, आणि एकाच सभेत एक वाक्य दोनदा म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. वेगवेगळ्या सभांत तीनशे वेळा म्हणायला हरकत नसे.

वाक्य होतं नातवासाठी. नातू उज्ज्वल समोर बसून खाली मान घालून भात जेवत होता. वय चोवीस, उंची सहा फूट, आणि खांदे असे की लिफ्टमध्ये शिरला की शेजारी पुढच्या लिफ्टची वाट बघत. दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करून तो विद्यापीठात गेला होता आणि आता तिसऱ्या वर्षाला होता. शनिवारी हंगामातला शेवटचा सामना होता. तो संपला की संघ पुढच्या वर्षाचा कप्तान निवडणार होता. उज्ज्वलला कप्तान व्हायचं होतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणून घरात सगळ्यांना माहीत होतं.

उज्ज्वल फुटबॉल खेळतो, असं यादवराव नागपूरला फोनवर सांगत. ते खरं होतं, पण पुरतं नव्हे. हा फुटबॉल अमेरिकन. यात पायाला फारसं काम नाही. चेंडू न सोललेल्या नारळासारखा. तो छातीशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याला पाडायचं. सरकत्या जिन्यावरसुद्धा डाव्या बाजूला शिस्तीत उभं राहणाऱ्या या देशात चांगली शिकलीसवरलेली मुलं आठवड्यातून तीनदा एकमेकांना आडवं करतात, आणि त्यासाठी आधी रीतसर अर्ज करून मैदान घेतात.

त्यात उज्ज्वल लाइनबॅकर. बचावाच्या पहिल्या रांगेत दांडगे गडी ओणवे झालेले असतात. त्यांच्या मागे, मधोमध, हा उभा. समोरचे काय करणार हे चेंडू हलायच्या आत ओळखायचं, आपल्या दहा जणांना जागा लावून द्यायच्या, आणि मग स्वतः जाऊन आदळायचं. यादवरावांच्या मते हे सरचिटणीसाचंच काम होतं, फक्त हेल्मेट घालून.

पहिल्या वर्षी हे काम उज्ज्वलला अजिबात जमलं नव्हतं. आदळायचा तो उत्तम, पण चुकीच्या माणसावर. एका सामन्यात त्याने इतक्या मनापासून एकाला पाडलं की प्रेक्षक उभे राहिले. पाडलेला गडी त्याच्याच संघाचा निघाला. कोच लिमने त्याला उरलेला हंगाम बाकावर बसवलं. दुसरा कुणी असता तर मोबाइल बघत बसला असता. उज्ज्वल पाय बघत बसला. समोरच्या संघातला कुठला गडी उजवीकडे जाण्याआधी डावी टाच उचलतो, कोण चेंडू मिळणार असेल तर हात पुसतो, कोण मिळणार नसेल तरच सरळ समोर बघतो. घरी येऊन तो त्याच सामन्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघायचा. हिराला वाटलं, मुलगा प्रेमात पडलाय. यादवरावांना वाटलं, परीक्षेत नापास झालाय.

दुसऱ्या वर्षी त्याला मधली जागा मिळाली आणि खरी अडचण पुढे आली. सगळं कळायचं, पण सांगायचं कसं? हिराने मुलाला वाढवताना वडीलधाऱ्यांशी आवाज चढवू नये एवढं एकच कलम कडक ठेवलं होतं, आणि संघातले निम्मे त्याच्याहून सीनियर. समोरचे डावीकडे पळणार हे ओळखून तो शेजारच्या सीनियरला सांगायचा, एक्सक्यूज मी, जरा तिकडे सरकता का? त्याचं 'सरकता का' होईपर्यंत चेंडू त्या बाजूने पंचवीस पावलं गेलेला असे.

इथे यादवरावांनी प्रशिक्षण हाती घेतलं. रोज पहाटे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आजोबा आणि नातू समोरासमोर उभे राहत. आवाज छातीतून नव्हे, बेंबीतून काढायचा, असं सांगून यादवराव प्रात्यक्षिक देत. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली. ओठांवर बोट ठेवलेला माणूस आणि खाली चार भाषांत विनंती. सहाव्या मजल्यावरच्या कुत्र्याचा बंदोबस्त झाला म्हणून यादवरावांना बरं वाटलं.

पाचव्या दिवशी उज्ज्वल खाली आलाच नाही. विचारल्यावर त्याने बुटाची नाडी बांधत एवढंच सांगितलं, "आबा, मी ओरडलो की सगळे माझ्याकडे बघतात. त्यांनी समोर बघायला पाहिजे ना."

हे उत्तर यादवरावांना पोरकट वाटलं. लोकांनी आपल्याकडे बघू नये असं वाटणारा पुढारी त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. शिवाय संघात डॅरेन होता. डॅरेन चेंडू फेकणारा, देखणा, आणि सामन्याआधी असं भाषण ठोकायचा की एकदा ते ऐकून यादवरावांच्याच मुठी वळल्या होत्या. कप्तान डॅरेन होणार हे त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं होतं, आणि तेच त्यांना सलत होतं. आपण एवढे पुढारी आणि आपल्या रक्तात आवाज उतरू नये.

शनिवारी दुपारी ते एकटेच मैदानावर गेले. हिरा पाया लेबार भागातल्या ऑफिसातून परस्पर येणार होती. यादवरावांनी निळी टोपी घातली होती, गळ्यात निळा रुमाल. फाटकातून आत शिरताच उजव्या हाताला त्यांना निळ्या शर्टांनी भरलेल्या पायऱ्या दिसल्या आणि त्यांचं मन भरून आलं. निळं दिसलं की आपली माणसं, हे गणित नागपुरात सत्तर वर्षांत कधी चुकलं नव्हतं. ते थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसले आणि शेजारच्या चिनी गृहस्थांना जयभीम केला. त्यांनी मान लववून हॅलो म्हटलं आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. या गृहस्थांचं नाव मिस्टर तान.

अर्धा सामना झाला तेव्हा हिराचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात? मला दिसत नाही."

"आपल्याच लोकांत बसलोय."

"उज्ज्वलचे लोक पिवळे आहेत, बाबा."

यादवरावांनी मैदानाकडे पाहिलं. नातू पिवळ्यात होता. त्याचा चौपन्न नंबर पिवळ्या पाठीवर होता. हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं, पण मैदानातला रंग आणि पायऱ्यांवरचा रंग यांचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता उठून पलीकडे जाणं म्हणजे भरसभेत फुटणं, आणि संघटनेत असताना फुटीरांविरुद्ध त्यांनी दोन पत्रकं काढली होती. शिवाय निम्मी पुडी खाऊन झाली होती. ते बसून राहिले.

आणि म्हणून त्यांना ते ऐकू आलं, जे पिवळ्यांच्या पायऱ्यांवर कधीच ऐकू आलं नसतं. तिथे आईबाप असतात; ते आपल्या मुलाला चांगलंच म्हणतात. इथे शत्रू होते.

"पुन्हा फिफ्टी-फोर," मागची एक बाई म्हणाली.

"मधून कशाला जातात? मधे तो आहे ला," दुसरा कुणी म्हणाला. सिंगापूरच्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी हा 'ला' लागतो. तो लागला की वाईट बातमीसुद्धा घरगुती वाटते.

मिस्टर तान यांचा मुलगा निळ्यांचा चेंडू फेकणारा होता. बापाला खेळ पोटात गोळा येण्याइतका कळत होता. त्यांनी यादवरावांना बोट दाखवून समजावलं. तो चौपन्न बघा. बोलतो का? नाही. आता बघा, त्याने दोन बोटं हलवली, तिघे सरकले. त्या जाड्याच्या पाठीवर थाप मारली, जाडा अर्धं पाऊल मागे आला. आमच्या मुलांनी आठवडाभर एक डाव बसवलाय आणि तो डाव सुरू व्हायच्या आत हा जाऊन त्याच्या दारात उभा. काल रात्री माझा मुलगा जेवला नाही. का? तर म्हणे, उद्या तो चौपन्न माझ्याकडे बघत राहणार.

यादवरावांनी शेंगदाणा तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. तो आपला नातू आहे, हे सांगायला जीभ शिवशिवत होती. पण सांगितलं असतं तर मिस्टर तान सभ्यपणाने गप्प झाले असते, आणि यादवरावांना पुढचं ऐकायचं होतं. सरचिटणीसपदाच्या एकवीस वर्षांत कधी न झालेली, दुसऱ्याचं पुढचं ऐकायची इच्छा त्यांना पहिल्यांदाच झाली होती.

सामना संपत आला तेव्हा पिवळे चार गुणांनी पुढे होते. पण निळे पिवळ्यांच्या अगदी शेवटच्या रेषेजवळ येऊन थडकले होते. आणखी दोन पावलं चेंडू पुढे गेला की सामना त्यांचा. वेळ उरली होती एका डावापुरती. निळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या. गर्दीबरोबर यादवरावही.

आधीच्याच डावात उज्ज्वलने दोघांना अंगावर घेतलं होतं. तो उठला, एक पाऊल टाकलं आणि उजवा पाय नीट टेकेना. त्याने पाय झाडला, पुन्हा टाकून बघितला. मग हात वर केला आणि स्वतःच बाहेर खूण केली. बाकावरून हाफिज नावाचा मुलगा धावत आला. उज्ज्वलने त्याच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवलं, काहीतरी सांगितलं, आणि लंगडत मैदानाबाहेर गेला.

निळ्यांनी जल्लोष केला. "फिफ्टी-फोर बाहेर," मिस्टर तान म्हणाले आणि आनंदाने यादवरावांच्या पाठीवर थाप मारली. "आता जिंकलो आपण."

यादवराव मनात चरफडले. संध्याकाळी कप्तान निवडायचा आणि हा शहाणा शेवटच्या डावाला व्यासपीठावरून उतरला. एकवीस वर्षांत त्यांनी आपल्या हाताने माइक कधी दुसऱ्याला दिला नव्हता. एकदा एकशे दोन ताप होता तरी दिला नव्हता. पोराने तीन वर्षांची मेहनत दोन पावलांवर आणून सोडून दिली, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी मैदानाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. हाफिजने दोन बोटं हलवली. तिघे सरकले. जाड्या कुणी थाप न मारताच अर्धं पाऊल मागे आला. कोपऱ्यातल्या मुलाने समोरच्याच्या टाचेकडे नजर लावली. कुणीही बाकाकडे वळून बघितलं नाही. बाकावर उज्ज्वल पायाला बर्फ लावून गप्प बसला होता. त्यालाही आपल्याकडे कुणी बघावं असं वाटत नव्हतं.

चेंडू हलला. निळे डावीकडे वळले. तिथे पिवळे आधीच उभे होते. हाफिज आणि जाड्या एकदम आदळले आणि मिस्टर तान यांचा मुलगा चेंडूसकट, रेषेच्या एक पाऊल अलीकडे, जमिनीवर बसला. शिट्टी झाली.

मिस्टर तान यांनी शेंगदाण्यांची रिकामी पुडी उचलली. मग तिची नीट घडी करत म्हणाले, "बाहेर जाऊनही तो आतच होता ला."

 यादवरावांना आपली संघटना आठवली. ते निवृत्त झाले तेव्हा हार इतके पडले की टेम्पो करावा लागला. चार महिन्यांनी संघटना बंद पडली. फंदफितुरी नव्हती, मालकाचा डावही नव्हता. सभा बोलवायची कशी आणि ठराव लिहायचा कसा, हे दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. ही गोष्ट ते नेहमी अभिमानाने सांगत आले होते. आपण गेलो आणि सगळं थांबलं. निळ्या पायऱ्यांवर उभं असताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की ती सांगण्यासारखी गोष्ट नसावी.

"तो माझा नातू आहे," शेवटी ते म्हणाले.

मिस्टर तान यांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने काही विचारलं नाही.

संध्याकाळी सगळा संघ सेरंगूनच्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, जेवायला बसला. चार टेबलं जोडली होती. हिरा आणि यादवराव टोकाला. जेवणं होत आली तशी कोच लिमने खिशातून कोऱ्या चिठ्ठ्या काढून वाटल्या आणि सांगितलं, पुढच्या वर्षी कप्तान कोण, ते लिहा. यादवरावांनी डॅरेनकडे पाहिलं. तो आता उठणार, भाषण करणार, आणि आपल्यालाही ते आवडणार, या भीतीने ते सावरून बसले.

डॅरेनने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि टेबलाच्या पलीकडे बघून विचारलं, "उज्ज्वल, नाव लिहून घडी करायची की तशीच द्यायची?"

बाकीचेही हात थांबवून उज्ज्वलकडे बघायला लागले. जाड्यासुद्धा, तोंडात नूडल्स असताना. कोच लिमने ते एकवार पाहिलं, आणि वाटलेल्या चिठ्ठ्या एकेक करून परत गोळा केल्या, कोऱ्याच. कुणी हरकत घेतली नाही. डॅरेन हसला आणि त्याने सगळ्यात आधी टाळी वाजवली. उज्ज्वलचे कान लाल झाले. हिरा रुमाल शोधायला पर्समध्ये शिरली ती बाहेर येईना.

यादवराव उठले. त्यांना बोलायचं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा आपण काय बोलणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोरांनो, एकवीस वर्षं मी चुकीचं शिकवत होतो, असं काहीसं ओठांवर जमत होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"फ्रेंड्स," ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात नव्हे, अगदी हळू.

बावीस दांडग्या मुलांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. शेजारची दोन टेबलंसुद्धा गप्प झाली. नवा कप्तान पुढे झुकला आणि दबल्या स्वरात म्हणाला,

"आबा, बोला, सगळे ऐकतायत. फक्त आधी तेवढा तुमचा उष्टा ट्रे जागेवर ठेवून येता का? इथे टेबलावर सोडला तर दंड होतो."