आधीच नाव असलेली गोगलगाय

“म्हणजे नाव ठेवता येणार नाही?” बंदर कचेरीतल्या कारकुनाने फोनवर पुन्हा तेच विचारलं. तो नुकताच किनाऱ्यावरून आला होता. विजारीतलं पाणी स्वयंपाकघराच्या फरशीवर ठिबकत होतं.

पलीकडे मोठ्या शहरातल्या संशोधक बाई होत्या. “अहो, तुमच्या फोटोतल्या गोगलगायीला नाव केव्हाच आहे. दूरच्या समुद्रात सापडते ती. पण तुमच्या बेटाभोवती आजवर कुणी पाहिली नव्हती. पहिली नोंद तुमची! अभिनंदन!”

त्याने आभार मानले, पण कुणी सांत्वनाला आल्यासारखे.

सुट्टीच्या दिवशी लोक झोपतात, पत्ते कुटतात, बायकोशी भांडतात. हा गृहस्थ गुडघाभर पाण्यात वाकून बिनशंखाच्या, बोटभर समुद्री गोगलगायी शोधायचा. कचेरीत त्यालाच ‘गोगलगाय’ म्हणत. आणि त्याच्या टेबलावरून फाइल ज्या वेगाने हलायची तो पाहता नाव अगदीच अन्यायाचं नव्हतं. पण या छंदात एक हिशेब होता. लग्न करून त्याने बायकोला समुद्रापलीकडून या बेटावर आणलं. ‘पुढच्या सुट्टीत तुझ्या माहेरी जाऊ’ हे तो इतकी वर्षं म्हणत राहिला, की शेवटी तिकडे जावं असं कुणी उरलंच नाही. मग त्याने ठरवलं, नवी जात सापडली की तिला हिचं नाव द्यायचं. सौदा त्याच्या बाजूने फारच स्वस्त होता, पण मनापासूनचा होता. ही गोगलगाय सापडली त्याच दिवशी त्याने बायकोला तसं सांगूनही टाकलं होतं.

“काय म्हणाल्या बाई?” शेंगा सोलता सोलता तिने विचारलं.

“नाव आहे म्हणे आधीच.”

“सुटले! माझ्या नावाची गोगलगाय म्हणजे जाऊबाईंची वर्षभराची सोय झाली असती.”

तो हसला नाही. तेव्हा तिनेच टेबलावरचा फोटो ओढून घेतला. जांभळं अंग, कडेला केशरी झालर.

“मूळची कुठली म्हणायची ही?”

“लांबची. पिल्लू असताना प्रवाहात आली असेल वाहत.”

“परत जाते?”

“छे! एकदा तळाला टेकली की संपलं. सरपटून सरपटून जाणार किती?”

“मग जगते कशी?”

“तिला लागतो तो स्पंज मिळतो इथल्या खडकांवर. त्याच्यावर भागवते.”

शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. आपण काय बोलून गेलो ते कारकुनाला कळलं, नेहमीसारखं उशिरा. तो घाईने नोंद लिहायला बसला आणि रंग, लांबी, खडकाची बाजू मोठमोठ्याने वाचू लागला.

“अशा किती सापडल्या?” तिने मध्येच विचारलं.

“एकच. आजही पुष्कळ शोधलं.”

“ते लिहिलंत?”

“त्यात काय एवढं लिहायचं...”

“लिहा.”

त्याने लिहिलं. तिने त्याच्या खांद्यावरून वाचून घेतलं आणि फोटो उचलला.

“हिचं तोंड कुठल्या बाजूला?”

त्याने बोटाने दाखवलं. तिने तो फोटो खिडकीच्या कट्ट्यावर आडवा ठेवला, आणि तोंड समुद्राकडे येईल असा जरासा फिरवला.